लाल ठिपका

प्रयोगशाळेत यीस्टचं खाणं शिजवता शिजवता मावशींची बावीस वर्षं गेली. साखर, थिजवणारी अगारची पूड, पाणी उकळायचं आणि ताटल्यांत ओतायचं. शिक्षण बेताचंच, पण यीस्टच्या पेशीत काय चालतं ते त्या झोपेतही सांगतील. प्रथिनं तयार होतात, कुठलं कुठे जायचं त्याची निवडानिवड होते, बाहेर जायचा माल बारक्या पिशव्यांत भरून कडेला येतो, तिथे पिशवी चिकटून उघडली की माल बाहेर. काही वाणांत मात्र खोट असते. गारव्यात ठीक, पण ऊब वाढली की पिशव्या दारातच तुंबतात आणि पेशी आतल्या आत घुसमटते. अशा नाजूक ताटल्यांवर मावशी लाल ठिपका काढत. लाल म्हणजे गार कपाट.

"माझ्यासारख्याच आहेत मेल्या," त्या म्हणत. नवराही म्हणायचाच, "तुझ्या ओठांवर आलेलं कधी बाहेर पडलंय का गं?"

काडी म्हणजे तिथली हडकुळी संशोधक मुलगी. तीन वर्षं ती या खोटीवर इलाज शोधत होती. बारा ताटल्या, बारा इलाज; गरम कपाटात यीस्ट वाढलं की इलाज लागू. त्या दिवशी अकरा वाजता तिच्या मार्गदर्शक मॅडमना निकाल दाखवायचा होता. सकाळी टेबलावरच्या ताटल्या पाहून तिनं मावशींना मिठीच मारली.

"मावशी, बाराच्या बारा वाढल्या! गरम कपाटात राहून!"

ताटल्यांवर काडीनं काढलेले लाल ठिपके होते. काडीच्या हिशेबी लाल म्हणजे गरम! परवा त्या गरम कपाटात दिसल्या, तेव्हा "वेंधळी कुठली" म्हणत मावशींनीच मायेनं गार कपाटात हलवल्या होत्या आणि आज टेबलावर मांडल्या होत्या.

गप्प बसलं तर कुणाला कळणार होतं? पोरगी किती दिवसांनी हसत होती! शब्द ओठांपर्यंत आले आणि अडकले. मावशींनी हात ॲप्रनला पुसले, पुन्हा पुसले.

"अगं, त्या गरमात नव्हत्याच. मी हलवल्या. माझं चुकलं गं."

काडी ढसाढसा रडली. मग नाक पुसत म्हणाली, "बरं झालं, अकराच्या आत सांगितलंत."

मॅडमकडून तिनं दोन दिवस मागून घेतले. मावशींनी नव्या ताटल्या ओतल्या आणि काडीनं यीस्ट लावल्यावर गरम कपाटात स्वतःच्या हातानं ठेवल्या. तिसऱ्या दिवशी अकरा कोऱ्या निघाल्या. बारावीवर यीस्टच्या पांढऱ्या टिकल्याच टिकल्या.

काडीनं लाल पेन उचललं आणि थबकली. "मावशी, हिला कुठला रंग देऊ?"

"हिला कशाला ठिपका? हिला आता ऊब सोसते."

त्या संध्याकाळी मावशी नवऱ्याला हे सगळं सांगत बसल्या. ताटातली भाजी गार झाली तरी थांबेनात, आणि त्यानंही थांबवलं नाही.