कोकमाचा भाव

फेब्रुवारीतला दुसरा रविवार, सकाळची वेळ. स्थळ: वाशीतला एक भाड्याचा हॉल, पहिला मजला.

हजर: आमच्या जिल्हा मंडळाचे अध्यक्ष, ज्यांना सगळे नुसतं काका म्हणतात. चिटणीस म्हणून मी. माझा नवरा, खुर्च्या लावायला आणि नंतर मागे बसून टोमणे मारायला. गावाहून आदल्या दिवशी आलेली माझी मावसबहीण आणि तिच्या सासूबाई. हॉलचे मालक. मंडळाचे सभासद, निम्मा हॉल भरेल इतके, बहुतेक नेरूळ-सानपाड्याचे. ज्यांच्यासाठी माझा सगळा खटाटोप चालला होता ते मसाला मार्केटातले शेठ मात्र गैरहजर. एक साखरपुडा आटोपून येतो म्हणाले होते.

मंडळ म्हणजे तळकोकणातल्या एका जिल्ह्यातून येऊन इथे फ्लॅट घेतलेल्या लोकांचं मंडळ. दर वर्षी आम्ही एक मेळावा करतो. गाणी होतात, वडे-सागुती होते, दहावीतल्या मुलांना पेनं वाटतो. यंदा काकांनी ठरवलं की गाणी पुष्कळ झाली, आता उद्योग. आपला जिल्हा काय काय पिकवतो, काय काय बनवतो, तिथे पैसा कुठे लावता येईल, हे लोकांसमोर मांडायचं. काका बंदरात नोकरी करून निवृत्त झालेले आहेत आणि निवृत्त झाल्यापासून दुप्पट कामात असतात. त्यांनी आठवडाभर बसून स्लाइड केल्या. मी कामांची यादी केली: माइक, प्रोजेक्टर, चहा, नमुन्यांचं टेबल, आणि एक खराखुरा घेणारा माणूस. या शेवटच्या कामाखाली मी दोनदा रेघ मारली होती, कारण ते माझं स्वतःचं काम होतं.

मावसबहीण गावात कोकमाचं काम करते. भाड्याची शेड आहे, गावातल्या सहा बायका येतात. मे महिन्यात कोकमाची फळं, म्हणजे रातांबे, फोडायचे, साली मिठात घालायच्या, आगळ, म्हणजे खारट घट्ट रस, काढायचं, आमसुलं वाळवायची. माल चांगला होतो; पण जातो तो असा पाहुण्यारावळ्यांत, एसटीने, कुणाच्या तरी पिशवीतून. शेडमालकाने सांगितलं होतं की होळीपर्यंत हो किंवा नाही कळव, नाहीतर मी तिथे गाड्या लावायला देतो. तिच्या नवऱ्याला माझ्याच ओळखीने तुर्भ्याला एका कँटीनमध्ये काम मिळत होतं. तो तयार होता. म्हणजे एक तर ठोक घेणारा मिळायचा, नाहीतर शेडला आणि घराला कुलूप लावून तिघांनी इकडे यायचं. तिला यायचं नव्हतं. तसं ती बोलली नाही. फक्त फोनवर मला विचारलं, "ताई, तुमच्याकडे तुळस कुठे लावतात गं, ग्रिलमध्ये?"

मी एका कोल्ड स्टोरेजमध्ये मालाची आवक-जावक बघते, त्यामुळे मार्केटातली माणसं ओळखीची आहेत. शेठ त्यांतले सरळ. त्यांना म्हटलं, आगळ चाखून बघा, पटलं तर बोलू. ते म्हणाले, "मॅडम, माल दाखवा आणि भाव सांगा. बाकी जिल्ह्याचं कौतुक मला नको."

कौतुक काका करत होतेच. पहिल्या स्लाइडवर त्यांनी जिल्ह्याचे तीन उभे पट्टे दाखवले. किनाऱ्याला मासळी, नारळ, सुपारी. मधल्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, आंबा आणि काजू. घाटाच्या अंगाला फणस, कोकम, बांबू. मग जांभ्या चिऱ्याच्या खाणी, लाकडी खेळणी, काथ्या, पर्यटकांसाठी घरगुती खोल्या. काका मनापासून बोलत होते आणि सभासद मनापासून अडवत होते. काजूच्या स्लाइडला एकाने विचारलं, हा फोटो कुठल्या तालुक्यातला, आमच्याकडचा काजू असा बारीक नसतो. खेळण्यांच्या स्लाइडला दुसरा म्हणाला, ती रंगवायची कला आमच्या आजोळची. काका म्हणाले की जिल्ह्याची निर्यात वाढली पाहिजे. तेव्हा मागून माझा नवरा बोलला, "काका, मुख्य निर्यात तर इथे खुर्च्यांवर बसलीय." हॉल हसला. काकाही हसले, पण पुढची स्लाइड जरा जोरात दाबली.

हॉलचे मालक दाराशी उभे राहून ऐकत होते. ते इथल्याच खाडीकाठच्या गावातले. 'गुंतवणुकीच्या संधी' अशी अक्षरं पडद्यावर आली तेव्हा ते काकांना म्हणाले, "गुंतवनूक येते म्हंजे काय होतं ते आमाला विचारा, काका. आता तुमी उभे हाव ना, तिथं आमच्या बापाचं मिठागर होतं." ते कडवटपणे बोलले नाहीत. जमीन गेली, हॉल आला, दोन इमारती आल्या, असं त्यांनी सरळ सांगितलं. मग म्हणाले, "तुमची जमीन अजून हाय. सांभाळून बोलवा लोकांना." काकांनी प्रोजेक्टर थांबवायला सांगितला. त्यांनी चहा जाहीर केला.

इथपर्यंत सगळं यादीप्रमाणे होतं. चूक टेबलावर झाली.

मी बहिणीला सांगितलं होतं, नमुना म्हणजे चमचाभर. वाटीत आगळ घाल, पाणी घाल, लोकांना चाखव, बाटली टेबलावरच राहू दे. तिने तसं मांडलंही होतं. पण मला प्रोजेक्टरवाल्याने बोलावलं, तिला काकांनी चहाचं बघायला पाठवलं, आणि टेबलाशी तिच्या सासूबाई उरल्या. गावात त्यांना सगळे आये म्हणतात, आम्हीही तेच म्हणतो. आये आयुष्यात पहिल्यांदाच टेबलाच्या मागे उभ्या होत्या. समोर जो येईल त्याला त्या विचारत, "खंयचो रे तू? कोणाच्या घरातलो?" तो सांगे, अमक्या वाडीतला, अमक्यांचा नातू. ते घर आयेंना ठाऊक असे, नसलं तर शेजारचं ठाऊक असे. मग त्या एक बाटली आणि आमसुलांची एक पुडी त्याच्या हातात ठेवत. कुणी पाकीट काढलं तर म्हणत, "पैशे कसले? घराक घेवन जा. कढी करा."

वानवळा घरातून निघतो तो द्यायलाच. नवं काही निघालं की आधी ओळखीच्या घरांत जातं, मग आपल्या ताटात. आयेंच्या हिशेबी हा सगळा हॉल ओळखीचाच होता. मी परतले तेव्हा टेबलावर वाटी, चमचा आणि रिकामं खोकं होतं. हॉलभर बाटल्या मांडीवर घेऊन लोक खुशीत बसले होते. मंडळाचा एवढा यशस्वी मेळावा मी पाहिलेला नाही.

बहिणीने खोक्यात वाकून पाहिलं. मग ती सरळ उभी राहिली आणि पदराने टेबल पुसायला लागली. टेबल स्वच्छच होतं.

त्याच वेळी शेठ जिना चढून आले.

मी पहिल्या रांगेकडे गेले आणि एक बाटली तेवढ्यापुरती परत मागितली. आयेंनी मला मागून दंडाला धरलं. "दिलेला परत घेतत काय गो?" त्यांचा आवाज खाली होता, पण मी थांबले. पहिल्या रांगेतल्या बाईंनीही बाटली पर्समध्ये जरा आत सरकवली. त्यांचंही बरोबर होतं. मिळालेला वानवळा कुणी काउंटरवर परत ठेवत नाही.

सोडवलं हॉलच्या मालकांनी. आयेंनी त्यांनाही विचारलं होतं, खंयचो तू म्हणून, आणि ते इथलाच म्हणाले तरी बाटली दिली होती. त्यांनी ती तेवढ्यात उघडलीही होती. ते बाटली घेऊन आले. म्हणाले, "परत नाय देत. पन माझ्या हालात पाहुना आलाय, मी चाखवतो." चहाच्या कागदी कपात त्यांनी आगळ ओतलं, पाणी घातलं आणि शेठना दिलं. आयेंनी दंड सोडला. यात त्यांना काही वावगं दिसलं नाही.

शेठ उभ्यानेच प्याले. दुसऱ्यांदा पाणी न घालता बोटावर घेऊन चाखलं. रंग उजेडाला धरून बघितला. बहिणीला विचारलं, मीठ दर वेळी एवढंच असतं का, साली किती दिवस मिठात असतात, फळ स्वतःचं की विकतचं. ती नीट उत्तरं देत होती. मला बरं वाटायला लागलं. मग ते म्हणाले, "माल आवडला. भाव बोला."

बहिणीने आयेंकडे पाहिलं. आये हसून म्हणाल्या, "तुमका काय वाटात ता द्या."

शेठनी कप खाली ठेवला. "आजी, मला वाटेल ते दिलं तर तुमचं काम दोन महिन्यांत बंद. असं नाही चालत. भाव तुम्ही बोलायचा, मी पाडायचा. तुम्ही बोललाच नाहीत तर मी पाडू काय?"

हॉलचे मालक मोठ्याने हसले. आये हसल्या नाहीत, पण त्यांनी शेठना खुर्ची दिली आणि कुठले म्हणून विचारलं. कच्छचे, पण जन्म मस्जिद बंदरचा, असं त्यांनी सांगितलं. द्यायला बाटली उरली नाही, याचं आयेंना फार वाईट वाटलं. "तुमका देवक बाटली रवली नाय," असं त्यांनी शेठना तीनदा सांगितलं.

ठरलं ते असं. या मोसमाचा पहिला माल शेठ घेणार, पसंत पडला तर पुढचाही. मीठ सारखं हवं, बाटल्या नकोत, मोठे कॅन हवेत. आणि होळीच्या आधी फोनवर एक भाव हवा, एकच, सांगणाऱ्याचा स्वतःचा. तो आला नाही तर ते दुसरीकडून घेतील.

दुपारी नेरूळला माझ्या स्वयंपाकघरात आम्ही तिघी बसलो. मी कागद घेतला आणि एकेक खर्च विचारायला लागले. पहिल्याच ओळीला अडलो. रातांब्यांचे किती लावायचे? आये म्हणाल्या, "झाडाचे रातांबे. झाडाक कोण पैशे देता?" लाकडं घरामागच्या परड्यातली. पाणी विहिरीचं. बायका शेजारच्या. मी म्हटलं, शेजारच्या असल्या तरी मे महिन्यात दिवसभर उन्हात बसतात, त्यांचा दिवसाच्या मजुरीचा रोज लावायलाच हवा. आयेंचं म्हणणं, त्यांना आम्ही आमसुलं देतो, तांदूळ देतो, पोरांच्या लग्नात उभ्या राहतो, हे तू कुठे लिहिणार? मला खरंच कळेना कुठे लिहायचं. काकांच्या स्लाइडवर फणस होता, बांबू होता, खाणी होत्या. यासाठी रकाना तिथेही नव्हता.

शेवटी बहीणच बोलली. शांतपणे म्हणाली, "आये, भाव नाय सांगितलो तर मेच्या आधी आपण हयसर ग्रिलात तुळस लावतलों."

आये उठल्या आणि भांडी घासायला लागल्या. घासता घासता, आमच्याकडे न बघता त्यांनी एकेक सांगायला सुरुवात केली. लाकडाचा भार बाजारात कितीला मिळतो. सहा बायकांचा रोज. रातांबे दुसऱ्याच्या बागेतून आणले असते तर कितीला पडले असते. मी लिहीत गेले. झालं, म्हणून मी खाली रेघ मारली आणि आकडा बहिणीला दाखवला. तिने तो वाचला, आणि एवढा कसा म्हणून बेरीज पुन्हा करून बघितली.

मग मी म्हटलं, आता मी शेठ, तू मला फोन कर. तिने रिकामा हात कानाला लावला. मी म्हटलं, बोला, काय भाव? तिने आकडा सांगितला आणि मी काही बोलायच्या आत म्हणाली, "पण जास्त वाटत असेल तर कमी करू." पुन्हा केलं. या वेळी तिने आकडाच आधीपेक्षा खाली सांगितला. तिसऱ्यांदा बरोबर सांगितला आणि लगेच जोडलं की कॅन आमच्याकडून फुकट. मी अजून एकदाही घासाघीस केली नव्हती. दारात उभा राहून ऐकणारा माझा नवरा म्हणाला की असा विकणारा मिळाला तर तो स्वतः नोकरी सोडून कोकमाचा धंदा करेल.

त्या संध्याकाळच्या गाडीने दोघी गावी गेल्या. शेडमालकाला तिने हो कळवलं आहे. सहा बायकांना सांगितलं आहे की या म्हणून. कँटीनच्या माणसाला मी थांबायला सांगितलं. शेठकडून कॅन कुठल्या मापाचे हवेत तेही विचारून घेतलं. या सगळ्यांवर माझ्या यादीत बरोबरच्या खुणा आहेत.

काल तिचा फोन आला. म्हणाली, "ताई, तूच सांग ना शेठना. तुझी ओळख आहे." मी नाही म्हटलं. माझ्या तोंडून गेलेला भाव पुढच्या वर्षीही माझ्याच तोंडून मागितला जाईल, आणि मी काही रातांबे फोडत नाही. मग मी पुन्हा शेठ झाले. ती पुन्हा आकडा बोलली, आणि या वेळी पुढे काही न जोडता थांबली. बराच वेळ थांबली. मग हळूच विचारलं, "आता मी काही बोलू?"

होळी जवळ आली आहे. शेठना फोन करायचा राहिला आहे. तो तिने करायचा आहे.