पुढची बंडी

बंड्या जुंपायच्या आधी मुकादम प्रत्येक बैलापुढे वाकून त्याच्या डोळ्यांत बघायचा. "माणूस लपवते, बैल नाई लपवत," एवढंच म्हणायचा. तुम्ही हसाल. मीही हसलो होतो.

अमेरिकेत लढाई पेटली आणि आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हाची ही गोष्ट. आगगाडी अजून आमच्याकडे पोचली नव्हती. मी अमरावतीच्या एका व्यापाऱ्याचा गुमास्ता, आणि तो, आमचा कापूस अकोल्याकडे नेणाऱ्या चाळीस बंड्यांचा मुकादम. सगळ्यांत थकलेली जोडी तो तांड्याच्या पुढे लावायचा, म्हणजे मागचे आपोआप तिच्या चालीनं चालत. त्या बंडीवाल्याला मात्र सांगायचा, "तुह्या बैलाले वाट माईत हाये, तू पुढं हो." गडी मिशीला पीळ देत पुढे जायचा.

मला सदा घाई. एका खेपेला मी हट्टानं दांडगे बैल पुढे लावले. दुपारपर्यंत तांडा कोसभर लांबला आणि मूर्तिजापूरच्या अलीकडे शेवटच्या बंडीचा एक बैल जुवासकट खाली बसला. बंडीवाला किसन त्याच्या गळ्याला मिठी मारून रडत होता. त्याची शेती त्याच जोडीवर होती. मी ओरडणार, तोच मुकादमानं माझा हात दाबला.

"दिवाणजी, किसन्या दोन दिसापासून जेवला नाई. आपली भाकर बैलाले चारून राह्यला. तुमाले दिसलं नाई काय?"

नव्हतं दिसलं. मला फार लाज वाटली.

तांडा तिथेच थांबला. मुकादमानं बैलाचे पाय चोळले, किसनला आपल्यासोबत जेवायला बसवलं. सकाळी बैल उठला. किसनचा निम्मा कापूस इतरांनी आपापल्या बंड्यांत वाटून घेतला आणि मुकादमानं त्याला "तू पुढं हो" हे नेहमीचं वाक्य ऐकवलं. त्या दिवशी मीही हसलो नाही.

तीन-चार हंगाम गेले. मुकादमाच्या स्वतःच्या बंडीचे बैल म्हातारे झाले, तोही झाला. खोकून खोकून बेजार व्हायचा आणि कोणी विचारलं तर "काई नाई" म्हणायचा. एका सकाळी बंड्या जुंपताना किसन त्याच्याकडे गेला. वाकून बैलाच्या डोळ्यांत बघितलं, मग मुकादमाच्या.

"मुकादम, तुमच्या बैलाले वाट माईत हाये. तुमी पुढं व्हा."

 मुकादमानं मिशीला पीळ दिला आणि बंडी पुढे काढली.

ती त्याची शेवटची खेप. अकोल्यापर्यंत चाळीस बंड्या त्याच्या चालीनं चालल्या. मी शेवटच्या बंडीत बसलो होतो, आणि मला कसलीच घाई नव्हती.