दारातल्या काकड्या

शेजारच्या तोयोकाकूंनी जन्मभर भात लावला, नवरा स्मशानात पोहोचवला आणि सत्तरीला टेकल्यावर एकच ध्यास घेतला: कोहेईने, म्हणजे मुलाने, शहर सोडून गावी यावं. कोहेई तयार होता, अडत होतं सुनेपाशी, मिसुझुपाशी. म्हणून या ऑगस्टात ती दोघं एका मित्राच्या कुटुंबासोबत पाच दिवस सुट्टीला आली. मिसुझुला गाव मानवलं, तर वसंतात बिऱ्हाड हलवायचं. काकूंनी नव्या गाद्या भरून घेतल्या आणि माझ्या दुकानात येऊन केस रंगवले.

"काकू, सून गाव बघायला येतेय की तुम्हाला?"

"तू कात्री चालव, तोंड नको."

मंडळी आली. दुसऱ्या दिवशी पहाटे मी नेहमीसारख्या दहा काकड्या त्यांच्या दारात ठेवल्या. आमच्याकडे हाक मारत नाहीत, नाव लिहीत नाहीत. वाकड्या काकड्या कुणाच्या, हे पोरंही सांगतील. पण काकू शेतावर होत्या. दार उघडलं मिसुझुने. तिला आणि मित्राच्या बायकोला वाटलं, कुणीतरी विसरून गेलं. प्रामाणिक बायका त्या! दोन किलोमीटर चालत पोलीस चौकीत काकड्या जमा करून आल्या. हवालदारानेही रीतसर लिहून घेतलं: काकड्या, हिरव्या, नग दहा.

दुपारी हवालदार केस कापायला आला माझ्याकडे आणि सगळं सांगून गेला. मग काय, गिऱ्हाईक बसलं की मी तेच सांगत होते.

संध्याकाळी किराणा दुकानात दुकानदार मिसुझुला म्हणाला, "सूनबाई, माझे बटाटे सापडत नाहीत. चौकीत बघून येता का?"

सगळे हसले. मीही. मिसुझुही हसली, मान लववून. मित्राची बायको तेवढी हसली नाही. तिने मिसुझुचा हात धरून तिला बाहेर नेलं.

पाचव्या दिवसाऐवजी ती मंडळी तिसऱ्याच दिवशी निघाली. गाडी वळणाआड गेली तरी काकू निरोपासाठी कमरेत वाकूनच उभ्या होत्या.

"वसंतात येतील ना?" मी कुंपणापाशी जाऊन विचारलं.

"तिने मला विचारलं, आई, इथे मी काहीही केलं तरी संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळणार का?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"खोटं कसं बोलू?" असं म्हणून काकू आत गेल्या.

आज सकाळी माझ्या दारात वांगी होती, एकसारखी, पुसून ठेवलेली. वर चिठ्ठी: काकूंचं पूर्ण नाव, घर क्रमांक, काकड्यांबद्दल आभार. तीस वर्षांत पहिल्यांदा. परक्याला लिहितात तसं.

वांगी अजून दारातच आहेत. उचलायला हात होत नाही.