दहीवाली पायरीवर बसली

मुलांनो, तुमच्या शहरात मराठी माणसांवर झालेल्या हल्ल्यानंतर आई तुम्हाला रस्त्यात मराठी बोलू देत नाही, असं कळलं. म्हणून आमच्या दहीवालीबद्दल आजच लिहिते.

ती कलघटगीकडच्या खेड्यातून, आम्ही राहतो त्या कानडी शहरातल्या कमरीपेठेत यायची. मडकं कमरेवर ठेवूनच दही वाढायची. कुणाच्या पायरीवर कधी टेकली नाही. "बसलं की दही आंबतं," म्हणायची. माझ्या मोडक्या कन्नडला रोज हसायची.

मग सीमेच्या वादावरून मराठी-कानडी दंगल उसळली. आम्ही साताऱ्याहून आलेले. आमच्या खिडकीवर दगड पडले. तुमच्या आजोबांनी दारावरची मराठी पाटी उतरवली. शेजारी नजर चुकवू लागले. आम्ही दार लावून सामान बांधायला घेतलं.

अशात एका सकाळी थाप पडली. "बागला तगी, अक्का! दार उघड!"

उघडलं, तर बाई आमच्या पायरीवर मांडी घालून बसलेली आणि गल्लीला ओरडून सांगतेय, "दही पाहिजे त्यानं इथं यायचं! आज मी कुणाच्या दारी येणार नाही!"

"दही आंबेल ना?" आजोबांनी विचारलं.

"आंबू द्या की, अण्णा! तुमची पाटी कुठं गेली? ती लावा आधी."

एकेक जण भांडं घेऊन येऊ लागला. समोरच्या काकूंनी खाली मान घालून पातेलं पुढे केलं, तेव्हा ही म्हणाली, "आधी अक्काशी बोला. मग दही."

काकू बोलल्या. दुपारी आम्ही सामानाच्या गाठी सोडल्या.

आता तिची सून दही विकते, आमच्याच पायरीवर बसून. पाटीही दारावर आहे.