मधोमध एकच खुर्ची

सेतुमामा कुणाच्याही घरी गेले की चपला काढून आत येत, खोलीच्या मधोमध उभे राहत आणि जोरात एक टाळी वाजवत. मग मान तिरकी करून ऐकत. नवख्या माणसाला वाटे, आता आरती सुरू होणार. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायला आलो तेव्हा माझ्या बॅगाही उघडल्या नव्हत्या. मामा वर आले, टाळी वाजवली आणि निकाल दिला, "खोली रिकामी हाय, मणून ओरडते. पडदे लाव, सतरंजी घाल. अप्पुरम बेस होईल." अप्पुरम म्हणजे नंतर, हे मला पुढं कळलं.

मी सांगलीचा, नोकरी चेन्नईत, सिरुसेरीतल्या आयटी पार्कात. एग्मोर स्टेशनामागच्या गल्लीत घरमालक मराठी बोलतील असं स्वप्नातही आलं नव्हतं. मामांचं घराणं तंजावरचं, पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात मुरलेलं. त्यांची मराठी ऐकून मला हसू यायचं आणि माझी ऐकून अंबुजामामींना. "तू बोलतोस की बातम्या वाचतोस, पा?" असं त्या विचारायच्या आणि वर एक वाटी रस्सम पाठवायच्या.

मामांची सगळी नोकरी गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात, पत्रे कापणाऱ्या यंत्रांशेजारी गेली. त्यामुळे असेल, जगातल्या आवाजांचे त्यांनी दोनच भाग केले होते. गाणं, वीणा, तंबोरा हा नाद. बाकी सगळा शत्तम. तमिळमध्ये शत्तम म्हणजे साधा आवाज, पण मामा तो शब्द केर बाहेर टाकल्यासारखा उच्चारायचे. मिक्सर शत्तम, आगगाडी शत्तम, शेजारचा टीव्ही तर महाशत्तम. गाणं लावायचं झालं की चेन्नईच्या मे महिन्यातसुद्धा ते पंखा बंद करत. घामानं निथळत आम्ही वीणा ऐकायचो आणि मी मनातल्या मनात त्यांना शिव्या घालायचो.

मी आलो त्याच वर्षी ते निवृत्त झाले आणि घरात कमरेएवढे उंच दोन स्पीकर आले. "जन्मभर शत्तम आयकला. आता एक खोली नादाची," मामांनी जाहीर केलं. खोली म्हणजे घरातला एकुलता एक हॉल. स्पीकर आधी कोपऱ्यांत ठेवले. मामा म्हणाले, "नक्को. कोपऱ्यात आवाज फुगतो, भिजल्या अप्पळम-पापडासारखा." मग भिंतीपासून हातभर पुढे घेतले, किंचित आत वळवले, मागं पुस्तकांचं कपाट सरकवलं. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा तिन्ही बाजू सारख्या असलेला त्रिकोण व्हायला हवा, म्हणजे गाणारा मधोमध समोर बसल्यासारखा वाटतो. आम्ही सुतळीनं माप घेतलं. स्पीकरमधल्या अंतराएवढ्या दोन सुतळ्या एकेका स्पीकरला बांधल्या आणि जिथं त्यांची टोकं जुळली, तिथं मामींचा झोपाळा होता.

सागाची रुंद फळी, पितळी कड्या, छताला लोखंडी हुक. मामींचा सगळा दिवस त्या झोपाळ्यावर जायचा. भाजी तिथं निवडायची, तंजावरच्या बहिणीशी फोनवर तिथं बोलायचं, दुपारी डोळा तिथंच लागायचा. आणि तो करकरायचा.

"झोपाळा तेवढा आड येतोय," मी सहज म्हणालो. इतकं सहज, की आजही ते वाक्य आठवलं की जीभ चावावीशी वाटते.

मामांनी मामींकडं पाहिलं. त्या शेंगा सोलत होत्या. "परत लावाल नव्हं?" एवढंच त्यांनी विचारलं. "कड्यांचा शत्तम काढतो, मग दुसरीकडं लावतो," मामा म्हणाले. मामी शेंगांचं ताट घेऊन उठल्या. फळीचं एक टोक मामांनी धरलं, दुसरं मी. ती आम्ही पलंगामागं उभी करून ठेवली आणि त्या जागी एक खुर्ची मांडली. दुसऱ्या खुर्चीला जागा नव्हती. मधोमध एकच माणूस बसतो, असं मामांचं शास्त्र होतं.

मामी स्वयंपाकघराच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसू लागल्या. मामा त्यांना आत बोलवायचे, खोटं कशाला सांगू. पण त्या म्हणायच्या, "तुम्ही आयका. मज इथनं आयकू येतं." बसल्या बसल्या त्यांचा उजवा पाय फरशीला रेटा देत राहायचा. खुर्ची काही हलायची नाही. मी ते पाहायचो आणि फळीची आठवण करून द्यायचं पुढच्या रविवारावर ढकलायचो. एखादं ओळखीचं पद लागलं की त्या हळूच गुणगुणायच्या. मग हॉलमधून मामांचा आवाज यायचा, "अंबुजा! शत्तम!" आणि स्वयंपाकघर गप्प व्हायचं.

गेल्या पावसाळ्यात मामींना ताप आला, दवाखाना झाला, आणि आठवड्याच्या आत त्या गेल्या. फळी तेव्हाही पलंगामागंच होती.

त्यानंतर खालून गाणं ऐकू येईना. मामा कुणाच्या घरी जाईनात, टाळीही बंद. मी येता-जाता डोकावायचो, तर ते भिंतीकडं तोंड करून बसलेले असायचे.

पोंगल झाल्यावर एका सकाळी त्यांनी जिन्यातून हाक मारली, "खाली ये. फळी धर."

दोघांनी झोपाळा जुन्या हुकांना अडकवला. मधली खुर्ची मामांनी स्वतः उचलून बाहेर ठेवली. स्पीकरला हात लावला नाही. ते आधीपासून त्याच जागेकडं वळलेले होते. मग पंखा बंद केला, वीणा लावली, झोपाळ्याला पायानं एक झोका दिला आणि जाऊन दारातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. मी जिन्याच्या पायरीवर टेकलो. रिकामा झोपाळा त्या वीणेमधून करकरत होता.

"इथनं काही नीट आयकू येत नाही रे," थोड्या वेळानं मामा म्हणाले. "डावी बाजू येतच नाही. ती मातर 'आयकू येतं' मणायची." मग झोपाळ्याकडं बोट केलं. "गुणगुणायची ती. मी तिला शत्तम मटलं. अंबुजाला!"

फळीचं दुसरं टोक धरणाऱ्यानं बोलायचं तरी काय? काहीतरी करायचं म्हणून मी उठलो, देवघरातली तेलाची बुधली आणली आणि कड्यांकडं हात नेला.

"मामा, दोन थेंब घालतो. करकर थांबेल."

"नक्को," मामा म्हणाले. "तो शत्तम नव्हे."

आणि झोका मंदावला तसे ते उठले, झोपाळ्याला पुन्हा पायानं रेटा दिला आणि दारात जाऊन बसले.