चिमाबाईने हात लावला नाही

माझी सासू चिमाबाई रत्नागिरीजवळच्या आमच्या काळबादेवी गावात पोटं चोळायची. कुणाची बेंबी सरकली, कुणाच्या पोटात गोळा उठला, की माणूस आमच्या ओटीवर आलाच म्हणून समजा. आधी खोबरेल लावून चोळायचं, मग बेंबीवर पिठाचा दिवा पेटवून वर तांब्या उपडा घालायचा. दिवा विझला की तांब्या पोटाला घट्ट धरायचा. तो दुखणं खेचून घेतो, असं ती सांगे. बदल्यात एक नारळ घेई, तोही देणाऱ्याने हट्ट केला तर.

सन एकतीसच्या शिमग्याआधी शेजारचा महिपत तांडेल उजवी कूस धरून, वाकून आला. सासूने त्याला दोन दिवस चोळला, वर एरंडेल पाजलं. तिसऱ्या दिवशी तिच्या हाताखालीच दुखणं एकदम थांबलं. महिपत उठून बसला, पेज प्याला, हसलासुद्धा. त्याच्या बायकोने, मैनाने, नारळ दिला. दुसऱ्या दिवशी त्याचं पोट फळीसारखं कडक झालं, आणि त्यानंतर दोन दिवसांनी तो गेला. गावात कुणी सासूला बोल लावला नाही. उलट मैना म्हणे, चिमाबाईच्या हाताने निदान एक दिवस तरी सुखाचा गेला. पण सासूने तांब्या फळीवर ठेवला तो ठेवलाच. आम्ही म्हटलं, आता वय झालं तिचं.

तीन वर्षांनी तेच दुखणं माझ्या वाट्याला आलं. नवरा मुंबईला गिरणीत. घरात मी, सासू आणि धाकटा दीर विठू. आदल्या दिवशी बेंबीभोवती दुखत होतं, ते दुसऱ्या सकाळी उजवीकडे खाली उतरलं. खोकले तरी जीव जाई. आत्याबाई, चोळा की, म्हणून मी दहादा विनवलं. ती दारात उभी राहून बघत राहिली, दोन्ही हात पदरात गुंडाळून. साऱ्या गावाची पोटं चोळणारी बाई सुनेला बोट लावीना! मला मूल नव्हतं. हिला मी जड झाले, हिला मी मेलेलीच हवी, असं माझ्या मनात आलं.

तिने विठूला होडी काढायला सांगितलं. खाडी ओलांडून रत्नागिरीच्या इस्पितळात न्यायचं म्हणाली. तिथे पोट फाडतात एवढंच मला ठाऊक होतं, आणि तिथून कुणी चालत परत आल्याचं मी ऐकलं नव्हतं. मी भिंतीतली खुंटी धरून बसले. विठूने एकेक बोट सोडवलं.

खाडीच्या मधोमध दुखणं थांबलं. दिवा फुंकावा तसं, एकदम. मी रडत रडत देवीला हात जोडले. विठूनेही वल्हं थांबवलं. म्हणाला, "बरं झालं वैनी. व्हडी फिरवतो."

मी सासूकडे बघितलं. ती पांढरीफटक पडली होती. कुणाच्या तोंडावर एवढी भीती मी आजवर बघितलेली नाही.

"महिपताचं पन असंच थांबलेलं," ती म्हणाली. "व्हडी फिरवू नको, विठू. मार वल्हं."

मी तिच्या पाया पडले, मग शिव्या दिल्या. मेले तर मानगुटीवर बसेन म्हटलं. तिने ऐकलं नाही. पाणी मागितलं तेही दिलं नाही. पलीकडे बैलगाडीत घातल्यावर मी गप्प झाले. प्रत्येक खड्ड्याला वाटे, आता दुखेल. दुखत नव्हतं, आणि आता त्याचीच मला भीती वाटत होती.

दीड महिना मी इस्पितळात होते, त्यातले कितीतरी दिवस पोटात नळी घालून. शुद्धीत आल्यावर डॉक्टरांनी काचेच्या बरणीतलं आतड्याचं शेपूट दाखवलं. करंगळीएवढं, टोकाला फुटलेलं. रात्र उलटली असती तर हाती लागल्या नसतात, म्हणाले. एरंडेल, चोळणं यानेच ते फुटतं. मी विचारलं, हे पोटात काय काम करतं? ते म्हणाले, बहुतेक काहीच नाही, निदान आम्हाला तरी अजून सापडलेलं नाही. देवाने उगीच काही घातलं असेल, हे मला तेव्हा पटलं नाही आणि अजूनही पटत नाही.

सासूने बरणी उजेडाकडे धरली. बराच वेळ बघत राहिली.

"महिपताचं एवढंच असंल?" तिने विचारलं.

महिपत कोण, असं डॉक्टरांनी विचारलं. तिने बरणी खाली ठेवली आणि हात पुन्हा पदरात गुंडाळले.