पुन्हा याल का?

उरणकडच्या मिठागरवाल्या घरातला प्रितेश घरत पनवेलच्या एका मोठ्या खासगी हॉस्पिटलात क्वालिटी मॅनेजर झाला, तेव्हा हा तिथे नक्की करतो काय, हे गावात कुणालाच कळेना. डॉक्टर नाही, कंपाउंडर नाही, साधी सुईसुद्धा टोचत नाही. काकांनी विचारलंच, "मंग पगार कशाचा?" प्रितेश म्हणाला, "पेशंट खूश आहेत का, ते मोजतो." काका म्हणाले, "त्यांना इचार की. मोजतोस कशाला?" प्रितेशला हसू आलं. नुसतं विचारून कळत असतं, तर त्यानं हॉस्पिटल मॅनेजमेंटचा कोर्स कशाला केला असता?

मुलगा वाईट नव्हता. हुशार होता, कष्टाळू होता. फक्त जे स्क्रीनवर दिसत नाही ते त्याला खरं वाटत नसे. हॉस्पिटलचे डायरेक्टर डॉक्टर निनाद या दुखण्यात त्याच्याही पुढे. ते वॉर्डात कधी फिरकत नसत. केबिनमध्ये बसून रंग बघत. हिरवा म्हणजे पेशंट खूश, लाल म्हणजे कुणाची तरी खुर्ची हलणार. उंटावरून शेळ्या हाकायच्या, तर उंट निदान एसीत बांधलेला असावा, असा त्यांचा कारभार.

तर प्रितेशनं प्रत्येक वॉर्डाला एक टॅबलेट दिला. डिस्चार्ज घेऊन निघालेल्या पेशंटनं त्यावर एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं: 'आपल्याला आमच्याकडे पुन्हा यायला आवडेल का?' हो किंवा नाही. प्रश्न त्यानं हॉटेलांवरच्या एका संशोधनातून उचलला होता. ग्राहकाचं मन जोखायला हा एवढा एक प्रश्न पुरतो, असं त्यात ठासून म्हटलं होतं. हॉटेलात पुरत असेलही.

महिन्याभरानं आकडे आले. सगळे वॉर्ड हिरवेगार. आशालता सिस्टरांचा बायकांचा वॉर्ड तेवढा लालभडक. एकजात सगळ्या बायकांनी 'नाही' दाबलेलं.

आशालता सिस्टर पनवेलजवळच्या कोन गावच्या. आवाज खणखणीत, हात हलका. त्यांच्या वॉर्डातून बऱ्या होऊन गेलेल्या बायका त्यांना घरच्या हळदीची आमंत्रणं द्यायच्या आणि सिस्टर गेल्या नाहीत तर रुसून बसायच्या. बाकीच्या वॉर्डांत टॅबलेट पेशंटपर्यंत पोचतच नसे. चहा पिता पिता स्टाफच 'हो', 'हो' दाबून मोकळा होई. आशालता सिस्टर मात्र प्रत्येकीच्या हातात तो देत, जिला वाचता येत नसे तिला प्रश्न मोठ्यानं वाचून दाखवत. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात ती अशी, रीतसर, आलेखासकट.

"शुक्रवारच्या मीटिंगमध्ये ठरवून टाकू," डॉक्टर निनाद म्हणाले. "या बाईंना वॉर्डातून हलवा." हलवायचं कुठे, तर तळघरात, चादरी-अभ्र्यांच्या स्टोअरमध्ये. प्रितेशला वाईट वाटलं. पण आकड्यांपुढे वाईट वाटून चालतं का?

नेमकी त्याच दिवसांत प्रितेशची आई गंगाबाई तापानं फणफणली आणि आशालतांच्या वॉर्डात दाखल झाली. सिस्टरांनी तिची अशी काही उस्तवार केली, की म्हातारी उठून बसली आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईला जवळ्याचं कालवण कसं करायचं ते शिकवू लागली. मीटिंगच्या आदल्या दिवशी ती घरी निघाली, तेव्हा प्रितेशनं मोठ्या कौतुकानं स्वतःच टॅबलेट पुढे धरला आणि प्रश्न वाचला.

गंगाबाई उखडलीच. "अरं मेल्या, आयशीला परत खाटेवर टाकतोस काय? दवाखान्यातून निगनाऱ्याला कुनी 'परत या' बोलतं का?" तिनं 'नाही'वर बोट असं दाबलं, जसं चिलटच चिरडावं. मग आशालतांचा हात हातात घेऊन म्हणाली, "तुजं भलं होवो बाय. हळदीला तुला बोलवीन. पन हितं मी नाय येनार."

"येऊच नका, मावशी," आशालता म्हणाल्या, आणि दोघी हसल्या.

प्रितेश जागच्या जागी गार पडला. दवाखान्यातून निघताना 'येतो' म्हणायचं नाही, डॉक्टरला 'पुन्हा भेटू' म्हणायचं नाही, हे त्यांच्या गावातलं शेंबडं पोरही जाणतं. तोही जाणत होता. बायका महिनाभर सिस्टरांना आशीर्वाद देत होत्या आणि त्यानं त्या आशीर्वादांना लाल रंग दिला होता. त्याला लाज वाटली, अगदी मनापासून वाटली.

पण लाज वाटणं वेगळं आणि भर मीटिंगमध्ये 'माझा प्रश्न चुकला' म्हणणं वेगळं. त्याच सर्वेक्षणावर डॉक्टर निनाद मुंबईच्या परिषदेत भाषण ठोकून आले होते. मग प्रितेशनं साप मरेल नि काठीही मोडणार नाही अशी युक्ती काढली. गुपचूप प्रश्न बदलला: 'इथे तुमची नीट काळजी घेतली का?' आता वॉर्ड आपोआप हिरवा होईल, सिस्टर तळघरात गेल्या तरी महिन्याभरात परत वर येतील आणि कुणाला काही कळायचंही नाही. शुक्रवारी तो गप्प बसला. 'महिनाभर पाहू, मग बदली कायमची ठरवू' या बोलीवर आशालता तळघरात गेल्या.

वॉर्ड हिरवा झाला. नव्या इन्चार्ज बाईंनी पेशंटची काळजी किती घेतली देव जाणे. टॅबलेटची मात्र चोख घेतली. डॉक्टर निनादांनी आलेख भिंतीवर पाडला: एकीकडे आशालता असतानाचा वॉर्ड, दुसरीकडे नसतानाचा. "याला म्हणतात पुरावा!" ते म्हणाले, आणि बदली कायम झाली.

आता मात्र प्रितेशला राहवेना. तो उभा राहिला आणि सगळं बोलून टाकलं: प्रश्नच चुकीचा होता, तो आपण बदलला, म्हणून रंग बदलला, सिस्टरांचा काही दोष नाही.

"म्हणजे तू प्रश्नही सुधारलास आणि वॉर्डही सुधारला!" डॉक्टर निनादांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "दोन्हींचं श्रेय घे. लाजतोस काय?" टाळ्या पडल्या. वरातीमागून घोडं आणलं, तर लोकांनी त्यालाच हार घातला.

प्रितेश तळघरात गेला. आशालता चादरींच्या घड्या घालत होत्या.

"सिस्टर, मी आज सगळं सांगितलं त्यांना. प्रश्न चुकला होता."

"ऐकलं," त्या म्हणाल्या. "तुला कंदी कळलं?"

"आई घरी निघाली, तेव्हा."

"म्हंजी मीटिंगच्या आदी."

प्रितेशनं होकारार्थी मान हलवली.

"मला वाटलं, शिकून शिकून गावची रीत इसरला आसंल पोरगा. मी माफ पन केलं व्हतं तुला," आशालता म्हणाल्या आणि त्याच्याकडे पाठ करून पुढची चादर उचलली.